निर्यात झालेला डबा

पडघ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत वळलेल्या रस्त्यावर आमचं गोदाम आहे. तिथे मी सहा वर्षं निर्यातीची कागदपत्रं करते आहे. त्याआधी कामतघरला एका लूमच्या ऑफिसात कारकून होते. लूम बंद पडले, शेड भंगारात गेली आणि मी कापडावरून खाण्यावर आले. तिथे मीटर लिहीत होते, इथे खोकी लिहिते.

आमच्याकडून तयार जेवणाची पाकिटं जहाजानं परदेशी जातात. पिठलं, उपमा, मिसळीचा रस्सा, वांग्याचं भरीत, शिरा. ही पाकिटं दुसऱ्या ठिकाणी शिजवून, हवाबंद होऊन आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यावर त्या देशाच्या भाषेतला स्टिकर लावतो, खोक्यांत भरतो, खोकी कंटेनरमध्ये रचतो आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराला रवाना करतो. तिकडच्या माणसानं पाकीट पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचं, फाडायचं आणि गावाकडची आठवण काढायची. माल अठरा महिने टिकतो. पिठल्यात असं काय घालतात, हे मी नवीन असताना मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "काही घालत नाही. उलट काढून घेतो. हवा काढून घेतो, जंतू काढून घेतो." मग जरा थांबून म्हणाले, "चव पण जाते थोडी. पण तिचा कॉलम नसतो कागदावर."

ज्या देशात हा माल जातो त्याचं नाव मी लिहीत नाही. माझा भाचा तिथे शिकतो आणि त्याच्या व्हिसाचं अजून पक्कं झालेलं नाही. थंडीचा देश आहे आणि तिथले अधिकारी पत्राला उत्तर देतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

स्टिकर लावायला आमच्याकडे सोळा बायका आहेत. बहुतेक डोंगराकडच्या पाड्यांवरून टेम्पोनं येतात. भातलावणीला आणि कापणीला आपापल्या घरी, उरलेले महिने आमच्या टेबलाशी. त्यांच्यात सगळ्यांत जुनी एक काकी. मस्टरवर तिचं नाव आहे, पण मॅनेजरसाहेबांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळे तिला काकीच म्हणतात. तिचा स्टिकर कधी वाकडा लागला नाही. शिवाय पाकीट हातात आलं की ती अंगठ्यानं एकदा दाबून बघायची आणि एखादं बाजूला टाकायची. "ह्यो फुगनार," म्हणायची. ते पाकीट खरंच आठवडाभरात फुगायचं. मॅनेजरसाहेबांनी तपासणीच्या पद्धतींमध्ये काकीचा अंगठा घालायचा प्रयत्न केला होता, पण अंगठ्याला दरवर्षी प्रमाणपत्र लागेल असं कळल्यावर तो विचार सोडून दिला.

काकीचा डबा स्टीलचा होता. दोन पुडांचा, बाजूला कडी, झाकणावर कोरलेलं: 'भावाकडून बहिणीस'. लग्नात भावानं दिलेला. नावंही घालायची होती, पण नावं घातली तर अक्षरं झाकणावर मावणार नाहीत, असं दुकानदार म्हणाला आणि त्यानं नावं गाळून नातं तेवढं ठेवलं. डब्यात रोज तांदळाची भाकरी आणि जवळ्याची सुकी चटणी. जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिचा वास गोदामाच्या या दारातून त्या दारापर्यंत जायचा. बाकीच्या बायकांच्या डब्यांतही कधी बोंबील, कधी जवळा असे, पण काकीच्या चटणीत लसूण जास्त पडायचा. म्हणून तिचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जरा लांब ठेवायची पद्धत पडली होती.

डबे ठेवायला जागा नव्हती, असं मी म्हणणार नाही. नकाशात होती. गोदामाच्या मंजूर नकाशात 'कर्मचारी उपाहारगृह' अशी एक खोली होती आणि त्या खोलीत शेठच्या घरचा जुना सोफा, दोन बंद पडलेले कूलर आणि मागच्या कितीतरी दिवाळ्यांचे रिकामे मिठाईचे बॉक्स राहत होते. बायका स्टिकरच्या टेबलामागच्या कट्ट्यावर डबे ठेवत आणि तिथेच बसून जेवत.

हे सगळं सुरळीत चालू असताना खरेदीदारानं कळवलं की त्यांचा ऑडिटर गोदामाची स्वच्छता बघायला येतो आहे.

त्याच्या यादीतला एक नियम असा होता की माल हाताळण्याच्या जागी कामगारांचं खाणं किंवा खासगी वस्तू दिसता कामा नयेत. मॅनेजरसाहेबांनी आदल्या दिवशी बायकांना सांगून ठेवलं होतं की उद्या डबे आणू नका. बायका सकाळी साडेसहाला घर सोडतात आणि संध्याकाळी सातला पोचतात. त्यांनी डबे आणले.

"आता हे कुठे लपवायचे?" मॅनेजरसाहेब कट्ट्याकडे बघत म्हणाले. "बाथरूम तो उघडणार. उपाहारगृह उघडलं तर आपण मेलो. माझ्या केबिनमध्ये हा वास नको."

इथे मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं, तरी बोलले. "मागच्या डॉकला रिकामा कंटेनर लागलाय ना? दुपारी भरायचाय. त्यात ठेवू. ऑडिटरच्या यादीत कंटेनर नाहीये, मी वाचली आहे यादी."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे अशा काही कौतुकानं पाहिलं की मला माझ्या शाळेतला बक्षीस समारंभ आठवला. सोळा डबे आणि पाण्याचा एक कॅन कंटेनरच्या अगदी आतल्या टोकाला गेले. काकीचा डबा पिशवीसकट सगळ्यांत कोपऱ्यात, भिंतीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या मागे. वासामुळेच.

ऑडिटर म्हणजे पंचविशीतला एक गोरागोमटा मुलगा, पांढरा कोट घालून आलेला. त्यानं छताचे कोपरे पाहिले, उंदरांचे सापळे मोजले आणि मग म्हणाला, "हात धुण्याची पद्धत दाखवा." बायका एकमेकींच्या मागे सरकल्या. काकी पुढे झाली. भिंतीवर सात चित्रांचा तक्ता होता. काकी एकेका चित्रासारखे हात करत गेली आणि तो एकेका चित्राचा फोटो काढत गेला. चौथ्या चित्राला त्याचा फोन अडकला म्हणून सगळं पहिल्यापासून झालं. काकीनं त्या दिवशी अर्धा तास हात धुतले, आणि पुढे जाईपर्यंत ऑडिटर तिलाच टेबलाटेबलाशी उभी करून फोटो काढत राहिला.

इकडे मागच्या डॉकवर ट्रक ड्रायव्हर घाईला आला होता. बंदराचं गेट ठरलेल्या वेळी बंद होतं, त्यानंतर पोचलेला कंटेनर त्या जहाजावर चढत नाही. लोडरांच्या मुकादमानं बायकांना हाक मारली, "अपना अपना डब्बा निकालो, माल भरना है." बायका धावत गेल्या, आपापले डबे घेऊन आल्या. काकी बेसिनपाशी सहाव्या चित्रावर होती. तिचा डबा पुठ्ठ्यामागे कोणाला दिसला नाही आणि पहिलं खोकं आत गेल्यावर दिसण्याचा प्रश्नच उरला नाही.

तीन तासांनी दार लागलं. सील ठोकलं. या सीलमध्ये एक चिप असते. तिचा नंबर मी फोनवरून भरते आणि तो भरला की सरकारदरबारी कंटेनर बंद झालेला असतो. मी नंबर भरला, बटण दाबलं आणि वर पाहिलं तर काकी पदराला हात पुसत उभी.

"ताय, माजा डबा?"

"काढला नाहीत तुम्ही?"

"मी हात धूत व्हते."

मी सीलकडे पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केलेली होती. सील तोडायचं म्हणजे नवं सील, नवा नंबर, रद्द केल्याचा अर्ज, आणि आतल्या टोकापर्यंत पोचायला सगळी खोकी बाहेर. जहाज चुकणार हे नक्की. हे सगळं मनात यायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ट्रक फाटकातून बाहेर पडला. मी ड्रायव्हरला हाक मारू शकले असते. मी मारली नाही.

"बघू," मी म्हटलं. ऑफिसात आम्ही हा शब्द जे होणार नाही त्यासाठी वापरतो. काकीलाही तो माहीत असावा, कारण तिनं पुढे काही विचारलं नाही.

ती सकाळपासून उपाशी होती. बाकीच्या बायकांचं जेवण होऊन गेलं होतं. मी नमुन्यांच्या कपाटातून पिठल्याचं एक पाकीट काढलं, चहाच्या पातेल्यात गरम केलं आणि प्लेटमध्ये ओतून दिलं. काकीनं आमच्याकडे कामाला लागल्यापासून या पिठल्यावर किती स्टिकर लावले असतील देव जाणे, पण खाल्लं पहिल्यांदाच. मी शेजारी उभी राहिले.

"कसं आहे?"

काकीनं विचार केला. "गरम हाय," ती म्हणाली.

मग मी टेबलावर गेले आणि कंटेनर तपासणीचा फॉर्म पुढ्यात घेतला. 'कंटेनर स्वच्छ, कोरडा, दुर्गंधीमुक्त व परक्या वस्तूंपासून मुक्त असल्याची प्रत्यक्ष खात्री केली.' मी खूण केली आणि सही केली. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. सही करण्याआधी वाचावं, एवढं त्यांनी शिकवलं होतं. मी वाचलं होतं.

पुढचे काही दिवस जरा गमतीत गेले. जहाज कुठे आहे ते मला फोनवर दिसतं. निळ्या पाण्यात एक लाल ठिपका. काकी सकाळी आल्या आल्या विचारायची, "कुठवर पोचला?" मी ठिपका दाखवायची. बायका भोवती जमायच्या.

"ह्ये काय हाय?"

"अरबी समुद्र."

"भाकर कडक झाली आसल आता," काकी म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. एकीनं विचारलं, तिकडे पोचल्यावर डबा कोण खाणार. काकी म्हणाली, ज्याला भूक लागंल तो. ठिपका लाल समुद्रात शिरला, कालव्यातून वर गेला, आणि हळूहळू आम्ही बघायचं सोडून दिलं. काकी घरून जुन्या श्रीखंडाच्या डब्यात भाकरी आणू लागली. ऑडिटचा निकाल आला: उत्तम श्रेणी. प्रमाणपत्र चौकटीत बसवून शेठच्या खुर्चीमागे लागलं. काकीच्या हात धुण्याच्या फोटोंचा मोठा तक्ता करून बेसिनवर लावला. फोटोत तिचे हात होते, चेहरा नव्हता.

मग एका सकाळी मेल आली. तिकडच्या बंदरावर आमचा कंटेनर उघडून तपासला होता आणि अडवून ठेवला होता. कारण: 'प्राणिजन्य पदार्थ असलेली अघोषित खाद्यवस्तू.' सोबत फोटो. लखलखीत टेबलावर काकीचा डबा उघडून ठेवलेला, शेजारी मापाची पट्टी, खाली क्रमांकाची चिठ्ठी. खुनाच्या जागी सापडलेला सुरा ठेवावा तसा. भाकरीला हिरवी लव आली होती. जवळ्याच्या चटणीला काहीही झालेलं नव्हतं.

शेठनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. शेठ शाकाहारी, आमचा सगळा माल शाकाहारी, प्रत्येक खोक्यावर हिरवा ठिपका. त्यांना कंटेनर अडला याचं जेवढं वाईट वाटलं, त्याहून त्या फोटोचं वाटलं. ते फोन हातभर लांब धरून बघत होते.

"जवला?" ते म्हणाले. "अपने माल में जवला?"

"पोर्टवर कोणीतरी टाकला असेल, शेठ," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"सील शाबूत होतं, त्यांनीच लिहिलंय," मी म्हटलं.

"मग उंदीर," मॅनेजरसाहेब म्हणाले. "उंदरानं ओढत नेला असेल."

आम्ही तिघांनी या उंदराचा थोडा वेळ विचार केला. दोन पुडांचा, कडी लावलेला डबा पिशवीसकट ओढणारा उंदीर. तो पटला असता तरी, आमच्या गोदामात एवढा मोठा उंदीर आहे हे खाद्यपदार्थांच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवणं शेठना बरं वाटेना. उंदीर रद्द झाला. शेवटी शेठ म्हणाले, "जो सच है वो लिखो. लेकिन संभाल के." आणि मॅनेजरसाहेबांनी मला चार पानांचा एक फॉर्म दिला. अघोषित वस्तूचा संपूर्ण तपशील. काकीला बोलावून भर, म्हणाले.

काकी माझ्या टेबलाशी येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. मी फोटो दाखवला. तिनं फोन जवळ घेतला.

"भाकर गेली," ती म्हणाली. "डबा चांगला हाय."

"काकी, त्यांना माहिती हवीये. मी विचारते, तुम्ही सांगा. बनवणाऱ्याचं नाव मी लिहिते. बनवल्याची जागा?"

"चुलीवर."

मी लिहिलं. "पाणी कुठलं?"

"इहिरीचं. आटली की टँकरचं."

"शिजवताना तापमान किती?"

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "भाकर फुगली की काढाची."

"टिकण्याची मुदत?"

"दुपारपातूर. नवऱ्याची संध्याकाळपातूर, तो कुरकुर करीत न्हाय." मग तिला वाटलं, हे तपशिलात कमी पडेल. "चटणी लय दिवस ऱ्हाते. ती लिवा."

ब्रँडच्या रकान्यात आधीच काहीतरी छापून आलं होतं. तिकडच्या कोणा अधिकाऱ्यानं झाकणावरची अक्षरं मराठी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घेतली होती आणि आपल्या लिपीत लिहिली होती. व्यापारी नाव: भावाकडून बहिणीस. पुढे प्रश्न होता: या ब्रँडची इतर उत्पादनं आपल्या देशात विक्रीस आहेत काय?

मी ते काकीला समजावून सांगितलं. ती बराच वेळ हसली, तोंडावर पदर धरून. मी पण हसले. मग पुढचा प्रश्न आला आणि माझं हसू थांबलं. वस्तू कंटेनरमध्ये कोणी ठेवली व कोणाच्या सांगण्यावरून?

मी पेन धरून बसले. काकीनं फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण मी काय वाचते आहे ते तिला कळलं असावं.

"लिवा ना," ती म्हणाली. "मीच ठेवला, मीच इसरली."

"तुम्ही विसरला नव्हतात, काकी. तुम्ही मला सांगितलं होतं."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं नाव कशाला त्यात."

ती उठली आणि कामावर गेली. मी तो रकाना रिकामा ठेवला.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी बैठक घेतली. फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'मूळ कारणाचा शोध' होता आणि त्यासाठी पाच वेळा 'का' विचारायची पद्धत होती. मॅनेजरसाहेबांनी तिचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्यांनी पांढऱ्या बोर्डावर लिहिलं: डबा कंटेनरमध्ये का राहिला? कारण कामगारानं तो काढला नाही. का काढला नाही? कारण कामगार विसरली.

तिसरा 'का' लिहायला त्यांनी हात वर केला आणि तसाच राहू दिला. का विसरली? ती बेसिनपाशी होती. बेसिनपाशी का? डबा तिथे का ठेवला? कट्ट्यावरून का हलवला? उपाहारगृहात का नाही? बोर्डावर एकही अक्षर नसताना आम्हा दोघांनाही पुढचे सगळे 'का' दिसत होते आणि ते कोणाकोणाच्या केबिनकडे जातात तेही दिसत होतं. मॅनेजरसाहेबांनी मार्करला टोपण लावलं.

"दोनमध्येच मूळ कारण सापडलं," ते म्हणाले. "कारवाई लिही: संबंधित कामगारास कामावरून कमी केलं. तिकडे असं लिहिलं की त्यांना बरं वाटतं. नंतर बघू, दिवाळीनंतर घेऊ परत."

डबे कंटेनरमध्ये ठेवा असं कोणी न विचारता बोलणारी मी, तिथे गप्प बसले. टेमघरला घरी आले, स्वयंपाक केला, नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "तुझं नाव आलंय का कुठे?" नाही म्हटलं. "मग झालं तर," तो म्हणाला आणि त्यानं आमटी वाढून घेतली. त्याचं चूक नव्हतं. मलाही त्याच्याकडून तेच ऐकायचं होतं, पण ऐकल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो फॉर्म तिकडच्या अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर भरायला बसले. तिथे वेगळीच अडचण निघाली. 'का'चे पाचही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. दोन भरले की तिसरा लाल व्हायचा. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं.

"काहीतरी भर," ते म्हणाले. "डॅश टाक."

डॅश टाकला. फॉर्मनं डॅश घेतला नाही. कमीत कमी वीस अक्षरं हवीत, असं आलं.

मी धीट बाई आहे, असं कोणी समजू नये. तिसरा रकाना लाल बघवेना म्हणून मी भरला: कामगार त्या वेळी ऑडिटरला हात धुण्याची पद्धत दाखवत होती. हे खरं होतं आणि कोणाला लागत नव्हतं. मग चौथा भरला: ऑडिटच्या दिवशी डबे दिसू नयेत म्हणून ते रिकाम्या कंटेनरमध्ये ठेवले, कारण कामगारांच्या जेवणाच्या खोलीत इतर सामान आहे. पाचवा रकाना आला तेव्हा मी उठून पाणी पिऊन आले. मग लिहिलं: कंटेनरमध्ये ठेवण्याची सूचना माझी होती. सील लावल्यावर डबा आत असल्याचं कामगारानं मला सांगितलं. मी तरीही गाडी जाऊ दिली आणि कंटेनर तपासल्याची सही केली. खाली माझं नाव आणि हुद्दा. कारवाईच्या रकान्यात काकीचं काही लिहिलं नाही. 'वरील कारणं दूर करण्यात येतील,' एवढंच लिहिलं आणि बटण दाबलं. सीलचा नंबर भरून दाबते तसंच.

छापील प्रत मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उभ्यानं वाचली. बसून पुन्हा वाचली.

"हे गेलं?"

"गेलं."

"मॅडम, सोफ्याचं लिहायची काय गरज होती?"

"सोफा लिहिला नाही, सर. इतर सामान लिहिलंय."

ते पुढे महिनाभर माझ्याशी कागदावरून बोलले. मी रोज टेबलाचा खण आवरून घरी जात होते, दुसऱ्या दिवशी यायचं नसेल तर आपलं काही मागे राहू नये म्हणून. माझा एक चष्मा, एक मग आणि देवीचा फोटो, तिन्ही मी आधीच घरी नेले होते.

तिकडचं उत्तर आलं तेव्हा शेठनी मला एकटीला बोलावलं. मी पदर सारखा करून आत गेले. शेठ हसत होते. तिकडच्या अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं की मूळ कारणाचा असा पूर्ण शोध त्यांच्याकडे क्वचितच येतो, त्याबद्दल समाधान वाटतं आणि माल सोडण्यात येत आहे. कामगारांच्या जेवणाची खोली रिकामी करून तिचा फोटो पाठवावा.

"बढ़िया लिखा, मॅडम," शेठ म्हणाले. त्यांनी मी लिहिलेलं वाचलं नव्हतं. उत्तराची पहिली दोन वाक्यं वाचली होती. "अगली बार भी आप ही लिखना."

खोली रिकामी झाली. कूलर भंगारात गेले, मिठाईचे बॉक्स जाळले, सोफा मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आला. त्यांनी सोफा आल्यावर माझ्याशी पुन्हा तोंडानं बोलायला सुरुवात केली. हल्ली ते इतर गोदामांतल्या लोकांना प्रशिक्षण देतात आणि तिथे सांगतात की आम्ही पाचव्या 'का'पर्यंत जातो, बाकीचे दुसऱ्यावर थांबतात. खोलीचा फोटो पाठवायचा होता त्या दिवशी बायकांना तिथे जेवायला बसवलं. त्या नव्या टेबलाभोवती खुर्च्यांवर ताठ बसल्या होत्या, लग्नाच्या पंगतीत ओळखीचं कोणी नसावं तशा. फोटो झाल्यावर सगळ्या खाली फरशीवर बसल्या आणि जेवल्या.

उत्तरासोबत आणखी एक कागद होता, वस्तू नष्ट केल्याचं प्रमाणपत्र. मी तो काकीला वाचून दाखवला. धातूचं भांडं, एक नग, आतील पदार्थांसह, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, उच्च तापमानाच्या भट्टीत नष्ट करण्यात आलं.

काकीनं कागद हातात घेतला, उलटसुलट केला. त्याला सोनेरी शिक्का होता.

"खोटं लिवलंय," ती म्हणाली.

"का?"

"स्टील जळतं का कंदी? भाकर जाळली आसल. डबा न्हाय." तिनं कागद परत दिला. "ठेवला आसल कोनीतरी. चांगला व्हता. वापरीत आसल." हे बोलताना ती रागावलेली नव्हती. उलट डबा कुठेतरी वापरात आहे या विचारानं तिला बरं वाटत होतं, असं मला दिसलं. मी भट्टीचं तापमान वगैरे काही सांगितलं नाही.

त्या रविवारी मी बाजारात गेले आणि तसाच दोन पुडांचा डबा घेतला. दुकानदारानं कोरायचं यंत्र हातात घेऊन विचारलं, "काय टाकू?" मी यावर विचारच केलेला नव्हता. माझं नाव टाकणं बरं दिसलं नसतं. तिचं टाकावं तर मस्टरवर जे नाव आहे ते कोणा कारकुनानं, म्हणजे मीच, सहा वर्षांपूर्वी ऐकून लिहिलेलं. ते बरोबर आहे की नाही, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मागे गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, कोरू नका, तसाच द्या.

काकीनं डबा घेतला. आढेवेढे घेतले नाहीत, फार आनंदही दाखवला नाही. झाकण उघडून बघितलं, कडी दोनदा लावून काढून पाहिली, अंगठ्यानं बाजू दाबून बघितली. "पातळ हाय," म्हणाली, "पन चालंल." आणि पिशवीत टाकला. पुढचे पंधरा दिवस मी बघत होते. ती श्रीखंडाच्या डब्यातच भाकरी आणत होती. शेवटी मी विचारलं.

"काकी, नवा डबा कुठे?"

"घरी हाय. सून बियानं ठेवते त्यात, काकडीचं, दुधीचं. दमट लागत न्हाय."

"इथे का आणत नाही?"

"हितं नको, ताय. हितनं तुमी पाठवाल कुठंतरी."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मला पण हसावं लागलं.

आता कंटेनर भरायच्या आधी मी आत जाते. तसा नियम झाला आहे. सीलच्या आधी एका जबाबदार माणसानं आतल्या टोकापर्यंत चालत जाऊन बघायचं. तो नियम मीच लिहिला आणि मलाच लागू झाला. आत उन्हाळ्यात भट्टीसारखं असतं आणि आधीच्या मालाचा वास येतो. कधी रबराचा, कधी साबणाचा, एकदा तर दालचिनीचा. मी टॉर्च मारते, पुठ्ठ्याच्या मागे हात घालते, चारही कोपरे बघते. मुकादम बाहेरून विचारतो, "क्या मिला, मॅडम?" मी सांगते, काही नाही. मग बाहेर येऊन फॉर्मवर खूण करते. परवा आतल्या कोपऱ्यात एक कोरडं पान मिळालं, कुठल्या तरी झाडाचं, आपल्याकडचं नव्हतं. ते फॉर्मच्या कोणत्या रकान्यात घालायचं हे मला कळेना, म्हणून मी मॅनेजरसाहेबांना विचारायला गेले. ते सोफ्यावर बसले होते. त्यांनी पान हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि खिडकीतून बाहेर टाकलं.

"नाही मिळालं असं लिही," ते म्हणाले.

मी टेबलावर परत आले आणि लिहिलं: एक पान मिळालं, काढून टाकलं.